दोरीचं पुढचं टोक

"बाई चुकल्या! बाई चुकल्या!"

सगळा बालवर्ग एका सुरात ओरडत होता आणि कार्लीन हाउताला हातातला लाकडी त्रिकोण उंच धरून उभी होती. त्याला तिने नुकतंच चौकोन म्हटलं होतं.

"चुकले? कशावरून?" तिने दुसरा हात कमरेवर ठेवला. "नुसतं ओरडून काय उपयोग? सिद्ध करा."

रेन कोस्की धावतच पुढे आली. केस विंचरायचे असतात हे या पोरीला कुणी सांगितलं नसावं. तिने त्रिकोणाच्या एकेका टोकावर तळहात दाबला. "एक टोचलं. दोन टोचलं. तीन टोचलं. चौथं टोचतच नाही. बघा!"

"अगं बाई, खरंच की," कार्लीन म्हणाली आणि पोरं हसून गडबडा लोळली.

हा आमच्या वर्गातला जुना खेळ. बाईंनी मुद्दाम चुकायचं आणि पोरांनी पकडायचं, तेही हात लावून दाखवून द्यायचं. ज्याला बाईची चूक पकडता आली त्याला तो आकार आला, असं कार्लीनचं साधं शास्त्र होतं. मी कोपऱ्यातल्या बेसिनपाशी रंगाचे ब्रश धूत होते. एरवी मीही हसते, त्या दिवशी हसले नाही. कारण पोरं लोळत असताना कार्लीनने तो त्रिकोण उलटासुलटा करून पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं. मुद्दाम चुकलेलं माणूस असं बघत नाही.

मी बेव्ह. या वर्गातली मदतनीस. नाकं पुसणं, बुटांच्या नाड्या बांधणं, कोण कुणाला चावलं याचा निवाडा करणं ही माझी कामं. त्याआधी मी किराणा दुकानात गल्ल्यावर बसायचे. मिशिगनच्या अगदी वरच्या टोकाला, मोठ्या सरोवराच्या काठी, आमच्या एवढ्याशा गावात तिसरी नोकरी नव्हतीच. शिकवण्याबद्दल मला जे काही कळतं ते कार्लीनचं. पहिल्याच दिवशी मी मोठ्या हौसेने फळ्यावर त्रिकोण काढायला गेले, तर तिने माझ्या हातातला खडू काढून घेतला.

"डोळ्यांना दाखवू नकोस, बेव्ह. हाताला दे."

मग तिने एक कापडी पिशवी आणली. आत लाकडी तुकडे. पोरांनी न बघता हात घालायचा, चाचपायचं आणि काय लागलं ते सांगायचं. दातकोरण्या आणि मऊ, गोड मार्शमेलो घेऊन त्यांचे त्रिकोण-चौकोन बांधायचे आणि दोन बोटांनी ढकलून बघायचे. चौकोन लगेच कलंडतो, त्रिकोण जागचा हलत नाही. "म्हणून छपराच्या पोटात त्रिकोण असतो," ती सांगायची, "नाहीतर आपल्याकडच्या बर्फाने घर जमिनीला टेकलं असतं." आणि हे सगळं झाल्यावर, मार्शमेलो कुणी किती खाल्ले याची चौकशी न करता, ती पोरांना हात धुवायला पाठवायची.

एकदा तिने मला आणखी एक गोष्ट सांगितली होती. मुलाच्या हाताला आकार ठरावीक क्रमाने येतात. आधी गोल. मग फुली. मग चौकोन, त्यानंतर त्रिकोण. आणि पत्त्यांतल्या चौकटचा तिरपा आकार सगळ्यांत शेवटी. घाई करून काही होत नाही. "ओढून झाड वाढतं का?" ती म्हणायची.

गेल्या पानगळीत एका दुपारी पोरं घरी गेल्यावर ती खिळ्यांची पाटी घेऊन बसलेली मला दिसली. खिळ्यांना रबरं अडकवून आकार करायची ती पाटी. ती चौकट करत होती. रबर या खिळ्यावरून काढून त्या खिळ्यावर, तिथून परत. माझी टेबलं पुसून झाली, खुर्च्या वर ठेवून झाल्या, तरी चौकट होत नव्हती.

"रबर सैल झालंय," ती म्हणाली.

रबर सैल झालेलं नव्हतं. पण फिनलंडहून येऊन इथे वसलेल्या आमच्या लोकांत असं कुणी तोंडावर बोलत नाही. आमच्याकडे माणूस 'तसं बरं आहे' म्हणाला, की समजावं तो मरायला टेकलाय. मीही म्हटलं, हो, सैलच दिसतंय.

नाताळानंतर ती डॉक्टरकडे जाऊन आली. वेलदोड्याचा पाव कॉफीत बुडवत तिने मला सगळं सांगितलं, जणू काही कुणा शेजारणीची गोष्ट सांगतेय. "डॉक्टरकडच्या त्या पोरीने मला एकात एक अडकलेले दोन पंचकोन दाखवले आणि म्हणे, काढा असेच. माझ्या वर्गात पंचकोन पहिलीच्या बाईंवर ढकलायचा असतो, असं सांगितलं मी तिला."

"मग?"

"मग काय, हसली. आणि लिहून घेतलं." ती पावाचा तुकडा कॉफीतून काढायलाच विसरली होती, तो कपात विरघळून गेला. "नाव मोठं आहे रोगाचं. तुला सांगून काय करू? मला नीट आठवत नाही." आणि आपल्याच बोलण्यावर ती इतकी हसली की मला रडू आलं.

हेडमास्तर डेरेक निएमीला तिने स्वतःच जाऊन सांगितलं. डेरेक तिचाच विद्यार्थी. याच वर्गात, याच गालिच्यावर पँट ओली करून तो रडला होता आणि तिने ती बदलली होती. असा माणूस काय बोलणार? "बाई, जूनपर्यंत राहा," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "मग सुट्टीच लागेल. पण बेव्ह वर्गात असेल तेव्हाच."

तेव्हापासून मी डोळ्यांत तेल घालून वर्गात बसायला लागले. चौकट आधीच गेली होती. फेब्रुवारीत त्रिकोण डळमळायला लागला. पोरांना काहीच कळत नव्हतं, कारण खेळ होताच. बाई चुकल्या की पकडायचं. यंदा बाई फार चुकतात, म्हणून हा वर्ग भलताच खूश होता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, ती मूठ झाकायचं काम ती पोरं करत होती आणि त्यांना पत्ताही नव्हता. मी मात्र मनातल्या मनात तो क्रम उलटा मोजत बसायचे. त्रिकोणानंतर चौकोन. चौकोनानंतर फुली. पुढचं मोजायचं धाडस मला व्हायचं नाही.

मे महिन्यात आमची आकारांची फेरी असते. अख्खा वर्ग गावातून चालत जायचा आणि दिसेल त्या आकाराचं नाव ओरडायचं. पोरं हरवू नयेत म्हणून एक लांब दोरी असते, तिला कापडी कड्या शिवलेल्या. प्रत्येकाची आपली कडी. 'हात घाला, धरा, सोडायचं नाही' एवढाच नियम. ही दोरी कार्लीनच्या नवऱ्याने, रॉयने, आपल्या मासेमारीच्या होडीवरून आणून दिली होती. पुढच्या टोकाला त्याने हाताने मारलेली जाड गाठ होती. रॉय गेला, होडी विकली, गाठ राहिली. दर वर्षी कार्लीन पुढे ती गाठ धरून आणि मी शेवटी.

"यंदा पुढे मी धरते," आदल्या दिवशी मी विषय काढला. "तू मागे राहा."

"मागे तू असतेस."

"यंदा बदलू."

"का? गावाने रस्ते हलवलेत का?"

"कार्लीन, काल तू तुझ्याच गाडीपाशी उभी राहून गाडी शोधत होतीस."

"पांढऱ्या गाड्या सगळ्यांकडेच असतात."

"तुझी निळी आहे."

मला वाटलं, आता हसेल. हसली नाही. दोरी मांडीवर घेऊन ती एकेक कडी ओढून बघत होती, शिवण उसवली आहे का ते.

"बेव्ह, माझ्या हातात आज काय काय शिल्लक आहे ते मला रोज सकाळी उठून बघावं लागतं. हे टोक अजून आहे. खाली ठेवायची वेळ आली की मी ठेवीन. पण तू काढून घेऊ नकोस."

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. मी चिडले, आणि तिचं मला पटलंही. दोन्ही एकदमच झालं, आणि मी विषय सोडला.

दुसऱ्या दिवशी ऊन होतं. हार्डवेअरच्या दुकानाच्या सावलीत बर्फाचा काळपट ढीग अजून तग धरून होता. ऑटो नावाच्या पोराचा कान दुखत होता म्हणून तो आला नव्हता. पहिल्या कडीला रेन होती, तिच्या मागे त्याची पिवळी कडी रिकामी लोंबत होती.

आणि काय सांगू, त्या सकाळी कार्लीन अगदी पूर्वीची कार्लीन होती. गटाराच्या झाकणावर तिने सगळ्यांना उभं केलं. "कोपरा शोधा!" पोरं कडेकडेने पाय घासत गोल फिरली. "नाहीये, बाई!" "नीट शोधा, आत पडला असेल!" बेकरीच्या काचेला नाकं लावून चौकोन झाले. लूथरन चर्चच्या उतरत्या छपराखाली तिने विचारलं, "यावर बर्फ का राहत नाही?" "घसरतो!" "आणि बसतो कुठे?" "पाद्रीबाबांच्या गाडीवर!" येणारेजाणारे थांबून हसत होते. माझाही जीव भांड्यात पडला. मी स्वतःवरच वैतागले, उगाच आदल्या दिवशी तिला बोलले म्हणून.

मग हमरस्त्याचा कोपरा आला. तिथे गाड्यांना 'थांबा' सांगणारी लाल पाटी आहे, आठ कोपऱ्यांची. या पाटीचा कार्लीनचा वेगळा नियम आहे आणि तो गावातल्या प्रत्येक माणसाला लहानपणापासून पाठ आहे. आठ कोपरे दिसले की पाय थांबले. मग कोण काय म्हणो.

कार्लीनने पाटीकडे पाहिलं. मला मागून तिची मान वर झालेली स्पष्ट दिसली. आणि ती तशीच चालत रस्त्यावर उतरली.

उताराने ओंडक्यांचा ट्रक येत होता.

मी ओरडले, पण माझा आवाज कुणी ऐकला नाही, कारण त्याच क्षणी सगळा वर्ग माझ्याहून मोठ्याने ओरडला, "बाई चुकल्या!"

ती थांबली नाही. पण पोरं थांबली. रेनने दोन्ही पाय कडेच्या दगडाला रोवले आणि मागे रेलली. तिच्या मागचेही रेलले, खिदळत, रस्सीखेच असल्यासारखे. आठ कोपरे होते आणि बाई मुद्दाम चुकत होत्या, मग पुढे जाईल कोण? दोरी ताणली गेली. गाठ कार्लीनच्या मुठीत होती आणि तिने ती सोडली नव्हती, म्हणून तीही जागीच खिळली. ट्रक भोंगा वाजवत तिच्यासमोरून गेला. ओंडक्यांच्या सालीचा भुगा तिच्या कोटावर येऊन पडला. दोरी नसती तर कार्लीन नसती. एवढं सरळ होतं ते.

मी पोचून तिचा दंड धरला आणि तिला मागे आणलं. पोरं मात्र खुशीत होती.

"बाई, चुकलात! सिद्ध करू?" रेन म्हणाली.

"कर," कार्लीन म्हणाली. तिचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता.

पाटी उंच होती, हात पोचत नव्हता. मग रेनने बोट वर करून हवेतच एकेक कोपरा टोचला, आणि आठही मोजले. कार्लीनने सगळे नीट ऐकून घेतले.

"बरोबर," ती म्हणाली. "मी चुकले. या वेळी खरीच चुकले."

पोरं आणखी हसली. रेन हसली नाही. ती बाईंकडे बघत राहिली.

कार्लीनने मूठ उघडली. गाठीचे वळ तळव्यावर उमटले होते. तिने ती गाठ माझ्यापुढे धरली.

"धर."

"कार्लीन, शाळेपर्यंत आपण दोघी मिळून..."

"धर, बेव्ह. मी ठेवतेय. तू काढून घेतलेली नाहीस, एवढं लक्षात ठेव."

मी गाठ धरली. ती गरम होती. मला वाटलं, आता ती मागे जाईल, माझ्या जागी. पण ती रेनच्या मागे जाऊन थांबली आणि त्या पिवळ्या कडीकडे बघत उभी राहिली.

"ती ऑटोची आहे," रेन म्हणाली. मग तिने थोडा विचार केला. "पण तो आज नाहीये. तुम्ही घ्या. हात घाला, बाई."

कार्लीनने हात घातला. कडी लहान होती, बोटं जेमतेम मावली.

"धरा."

तिने धरली.

"आता सोडायचं नाही."

"नाही सोडत," कार्लीन म्हणाली.

मी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, दोनदा पाहिलं आणि वर्ग शाळेकडे वळवला. मागून दोरीला पोरांचे बारीक बारीक हिसके बसत होते. त्यांच्यात एक जड हात होता, तो हिसका देत नव्हता, फक्त धरून होता. शाळेपर्यंत मी एकदाही वळून पाहिलं नाही. हातातल्या दोरीवरून कळत होतं, ती येतेय.