तिळाची परीक्षा

पान उघडत आहे…

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, सतरा पायऱ्या चढून गेलं की वाचनालय लागतं. दोन खोल्या, नऊ कपाटं, एक लांब टेबल आणि खिडकीपाशी एक संगणक. हे सगळं सांभाळणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात. त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे टेलरकाकासुद्धा.

ताईंचा एक नियम आहे. पुस्तक नेताना वाचकाने नावाची चिठ्ठी लिहायची. पुस्तक परत आलं की ताई ती चिठ्ठी त्याच्या हातात देतात आणि त्याने ती स्वतः फाडायची. कोण काय वाचतं हे कपाटालासुद्धा कळता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. लोकांना वाचण्याइतकीच मजा फाडण्यात येते. एक आजोबा चिठ्ठी अशी बारीक फाडतात की फुंकर मारली तर उडावी.

संगणकाला मात्र चिठ्ठी नव्हती. तिथे कोण काय वाचतं, याचा ताईंनी कधी विचारच केला नव्हता.

शोधा: सा|

बुधवारी सकाळी टेलरकाका मशीनची सुई शोधायला संगणकापुढे बसले. सात नंबरची हवी होती. एका बोटाने त्यांनी "सा" एवढंच लिहिलं, आणि त्याखाली आपोआप एक यादी उलगडली.

"अरे वा," काका म्हणाले. "हा तर मनकवडा निघाला. ऐका हो, काय काय विचारतात लोक." आणि चष्मा सावरून त्यांनी टेबलावरच्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं:

*साठी उलटल्यावर पोहायला शिकता येतं का*
*साठीच्या बाईने पोहताना काय घालावं*
*साधारण किती दिवसांत पाण्याची भीती जाते*

पहिल्या ओळीला टेबल हसलं. दुसरीला जास्त हसलं. तिसरीला थोडं कमी.

टेबलाच्या टोकाशी हेडबाई होत्या. शाळेतून निवृत्त झाल्या तरी त्यांना सगळे हेडबाईच म्हणत. एकतीस वर्षं शाळा चालवलेली बाई; त्या खोकल्या तरी लोक उभे राहत. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, ती दोनदा नीट केली, आणि कुणाकडेही न बघता सतरा पायऱ्या उतरून गेल्या. चष्मा टेबलावरच राहिला.

बाकी कुणाच्या काही लक्षात आलं नाही. ताईंच्या आलं.

गुरुवारी हेडबाई आल्या नाहीत. शुक्रवारीही नाहीत.

हे पान दाखवता येत नाही

ताई चष्मा द्यायला हेडबाईंच्या घरी गेल्या, जिना चढल्या, दारापाशी उभ्या राहिल्या. काय म्हणणार? "तुमचं गुपित फुटलं, माफ करा" असं म्हणणं म्हणजे ते मला कळलंय हे तोंडावर सांगणं. फुटलेलं मडकं दुसऱ्यांदा फोडायचं.

घंटीपर्यंत गेलेला हात परत आला. चष्मा शेजारणीकडे देऊन ताई वळल्या. हेडबाईंना परत आणायचं असेल तर बोलून नाही, आधी वाचनालयाचं तोंड शिवून.

नवं पान

ताईंची नणंद एका दवाखान्यातले संगणक सांभाळते. शनिवारी ती आली, खुर्चीत बसली, दोन मिनिटं माउस फिरवला आणि म्हणाली, "वहिनी, हा ब्राउझर संगणकाबरोबर आला आणि तसाच राहिला, हो ना?"

"घरजावयासारखा."

"मग घरजावयाला सगळ्या घराच्या गोष्टी माहीत असणारच. हा चार वर्षांचं लक्षात ठेवून बसलाय. तुम्ही कधी सांगितलं होतं त्याला, लक्षात ठेवू नको म्हणून?"

"विचारलं होतं त्याने काहीतरी. मी 'हो' म्हटलं."

"का?"

"पुढचं काम अडलं होतं."

"सगळी दुनिया तिथेच 'हो' म्हणते." नणंदेने बाह्या सरसावल्या. "चला, नवा बघू. पण नीट पारखून. आणि प्रत्येक जण त्याच्या स्वतःच्या घरून आणायचा, म्हणजे बनवणाऱ्यांच्याच साइटवरून. वाटेत कुणी 'हा घ्या, फुकट' म्हटलं तर घ्यायचा नाही."

"पारखायचं कसं?"

"बायका कशा पारखतात? कुणाच्या तोंडात तीळ भिजतो आणि कुणाच्या नाही, हे तुम्हाला कसं कळतं?"

ताई विचारात पडल्या. मग त्यांना आठवलं, आपल्या चुलत जावेला त्यांनी कसं पारखलं होतं. एक खोटी गोष्ट फक्त तिच्या एकटीच्या कानात सांगितली होती, आणि ती गोष्ट गावभर फिरून कधी परत येते याची वाट बघितली होती. जेवायच्या आत आली होती.

वहीत लिहिलेलं (ताईंचं अक्षर, मधून मधून नणंदेचं)

*घरजावई.* कानात सांगितलं: उंटाला मोजे कुठे मिळतात. बंद केला. परत उघडला. नुसतं "उ" लिहिलं. लगेच बोलला. नापास. तसा तो सुधारण्यासारखा आहे म्हणते नणंद, पण मला त्याचं तोंड बघवत नाही.

*लाघवी.* कानात सांगितलं: बासरी वाजवणारा दंतवैद्य. सांगण्याआधी यानेच मला सात प्रश्न विचारले. पासवर्ड जपून ठेवू का? तुम्ही कुठे आहात ते सांगू का? सूचना पाठवू का? एवढी चौकशी सासरच्यांनी केली नव्हती. नापास.

*मौनीबाबा.* कानात सांगितलं: चोरीचं विमान विकणे आहे. काही बोलला नाही. मी पास केला. नापास — नणंद. *वहिनी, याला बनवणाऱ्यांनी तीन वर्षांत हात लावलेला नाही. रोज नवे चोर जन्माला येतात, याला जुनेच माहीत. कडी भक्कम, दाराला वाळवी.*

*मुका.* कानात सांगितलं: मिशा दाट करायचं तेल. बंद केला की सगळं विसरतो, आपण सांगायची गरज नाही. नवीन दुरुस्ती आली की स्वतःच करून घेतो. साइटचा रस्ता कच्चा असेल तर आधी सांगतो, मग जाऊ देतो. मागे लागणाऱ्यांना दारातच अडवतो. "मि" लिहिलं. गप्प. "मिशा" लिहिलं. गप्प. पास, पास, पास.

पुन्हा उघडा

सोमवारी सकाळी ताई गुणगुणत आल्या. मुका उघडला, बातम्यांचं पान लावलं. बातमीच्या शेजारी एक पिळदार मिशीवाला हसत होता. *सात दिवसांत दाट मिशा.*

ताईंनी खाली बसून घेतलं. मग नणंदेला फोन लावला.

"बोलला," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"मुका."

जेवणाच्या सुट्टीत नणंद धावत आली. तिने मुक्याला उलटापालटा केला आणि वरच्या कोपऱ्यातल्या एका इवल्याशा पिवळ्या पट्टीवर बोट ठेवलं. "हे कुणी चिकटवलं?"

"ते माझं आहे," टेलरकाका लांबून म्हणाले. "इंचाचे सेंटिमीटर करून देतं. जुन्यातही होतं, या नव्यातही शनिवारी तुमची परीक्षा चालू होती तेव्हाच मधे टाकलं. फार गुणी आहे. फुकट."

"काका, टाकताना याने काही विचारलं होतं का?"

"विचारलं होतं खरं. मी 'हो' म्हटलं."

"का?"

"पुढचं काम अडलं होतं."

ताई आणि नणंदेने एकमेकींकडे बघितलं. नणंदेने ते 'विचारलं होतं खरं' उघडून काकांना वाचायला लावलं. काकांनी वाचलं, या वेळी हळू आवाजात: *हे साधन तुम्ही उघडाल त्या सर्व पानांवरचा सर्व मजकूर वाचू शकतं व बदलू शकतं.*

"इंच मोजायला एवढं सगळं कशाला वाचायला हवं?" काका म्हणाले.

"तेच म्हणतेय मी. मुका मुकाच आहे. तुम्ही त्याच्या खांद्यावर पोपट बसवलात."

काकांनी चष्मा पुसून पट्टीकडे पुन्हा बघितलं. "तरीच," ते म्हणाले, "महिनाभर मला पोहायचे कपडे दाखवत होता. मला वाटलं, धंद्याची खूण आहे ही. मी निळं कापडसुद्धा मागवून ठेवलंय." मग एकदम त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे ते विचारणारं माणूस इथलंच. त्या दिवशी कोण होतं इथे, ताई?"

"मला माहीत नाही," ताई म्हणाल्या.

वाचनालयात खोटं बोलण्याची ती त्यांची पहिली वेळ, आणि त्यांना मुळीच वाईट वाटलं नाही.

पोपट उडवला. काका म्हणाले, मी हाताने गुणीन, मला अडीच पॉइंट चोपन्न येतं. नणंद म्हणाली, अडीच नाही काका, दोन. काका म्हणाले, तरीच त्या गृहस्थाची विजार घोट्याखाली गेली.

मिशीवाला परत आला नाही. मंगळवारी नाही, बुधवारीही नाही.

पाटी

ताईंनी पाटी लिहिली: *इथला संगणक आता कुणाचं काही लक्षात ठेवत नाही.*

"थोडं जास्त होतंय," नणंद म्हणाली. "बाहेरच्या जगाचं वचन आपण देऊ नये. साइटवाल्यांना तुम्ही आल्याचं कळतंच. हा विसरतो तो या खोलीपुरता."

ताईंनी "या खोलीत" असं वर घुसवलं. मग खाली लिहिलं: *ठेवत होता, ही चूक माझी. — ताई.* आणि पाटी खाली, सायकलच्या दुकानाशेजारी, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल अशी टांगली.

दुपारी तिच्याखाली शिंप्याच्या खडूने लिहिलेली एक ओळ होती: *मोठ्याने वाचलं, ही माझी. — टेलर. मलाही पोहता येत नाही.*

शोधा: |

शुक्रवारी सतराव्या पायरीवर पाऊल वाजलं. टेबलावरचे तिघे सवयीने उभे राहिले.

"पाटी वाकडी लागलीय," हेडबाई म्हणाल्या.

"सरळ करते," ताई म्हणाल्या.

हेडबाई संगणकापाशी गेल्या. बसल्या. काहीतरी लिहिलं. (काय, ते इथे कापून टाकलं आहे.) वाचलं. मुका बंद केला, परत उघडला, पहिलं अक्षर लिहिलं आणि हाताची घडी घालून थांबल्या, जशा वर्गात उत्तराची वाट बघत. पांढरी पट्टी पांढरीच राहिली. दुसरं अक्षर. पांढरीच. बाईंनी परीक्षा आणखी कडक केली, तीन वेगळी अक्षरं विचारली. मुक्याला एकही उत्तर आलं नाही.

"पास," हेडबाई म्हणाल्या. एकतीस वर्षांत काही न येणाऱ्याला त्यांनी पास करण्याची ही पहिलीच खेप.

मग त्या खुर्चीतल्या खुर्चीत वळल्या. "काका, ते प्रश्न माझे होते."

टेलरकाकांच्या हातातलं मासिक खाली आलं.

"उत्तर सापडलं. शिकता येतं. गेल्या मंगळवारी अर्धी बादली पाणी नाकात गेलं, या मंगळवारी पाव. सुधारणा आहे." हे बोलताना त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात जे आलं, ते त्यांच्या एकाही विद्यार्थ्याने कधी बघितलं नसेल. "भीती किती दिवसांत जाते, हे मात्र कुणी नीट सांगत नाही. ती पाण्यात बरोबरच उतरते. पण तिला पोहता येत नाही, त्यामुळे ती काठाला धरून राहते."

कुणीतरी हसलं, मग सगळेच, आणि या वेळी सगळ्यांत मोठ्याने हेडबाई.

"बाई," काका घसा खाकरून म्हणाले, "माझ्याकडे निळं कापड पडलंय."

"अंगाला घट्ट बसेल असं शिवता येतं तुम्हाला?"

"येतं. पण तुमच्या एकटीचं नाही म्हणत. मंगळवारी तिथे अजून एखाद्याला जागा आहे का?"

जागा होती. हेडबाईंनी नेलेलं पुस्तक टेबलावर ठेवलं, ताईंनी चिठ्ठी काढून दिली, आणि हेडबाईंनी ती फाडली. चार सरळ, सारखे तुकडे.

सगळे गेल्यावर ताई संगणकापुढे बसल्या. त्यांनी काहीतरी शोधलं, बराच वेळ वाचलं, एकट्याच हसल्या आणि पान बंद केलं. काय शोधलं, ते मुक्याला विचारून उपयोग नाही.

सोमवारी खालच्या पाटीवर, आता सरळ केलेल्या, एक नवी ओळ होती:

*मंगळवारी वाचनालय एक तास उशिरा उघडेल.*

कारण लिहिलेलं नव्हतं.