बदलीचा मयत

"श्वास सोड," म्हणत धर्मगुरू शेख बिहरामनी नशमीच्या कमरेला लोकरीचा पट्टा आवळला. "पोट सुटलंय तुझं."

"मेलेल्यांच्या वाटचं जेवण मीच जेवतो, शेख. सुटणार नाही तर काय?"

शेख हसले नाहीत. दजला नदीत बुडी मारून आलेला नशमी काठावर निथळत उभा होता. मरताना अंगावर हा पांढरा पोशाख नसला, तर जीव प्रकाशाच्या लोकाकडे निघतो खरा, पण वाटेतल्या नाक्यांवर अडकून पडतो. मग त्याच्या नावानं एखाद्या जिवंत माणसाला पोशाख चढवायचा. पुरुषासाठी पुरुष, बिनलग्नाच्यासाठी बिनलग्नाचा. अमारा शहरातले बाकीचे बिनलग्नाचे सिडनीला, स्वीडनला निघून गेले होते आणि तिकडच्या इस्पितळांत हिरव्या गाऊनमध्ये मरत होते. इथं उरला होता नशमी.

सुटकेचा मार्ग म्हणून त्यानं मध्यंतरी लग्नाचा विचार केला होता. पण चौकशी करता लग्न झालेले मयत त्याहून जास्त निघाले.

"हा शेवटचा, शेख. बहिणीकडून व्हिसा आलाय. बॅग भरलीय. उद्या विमान."

"जा की. मी कुठं धरून ठेवलंय?" शेखनी पोथीची लांबलचक गुंडाळी उलगडली. "फक्त गुरुवारी सलवानचं होतं. बिचारा लिफ्टमध्ये गेला. इथंही अडकला, आता तिथंही अडकेल. असो. तू जा."

शेख दर वेळी असंच 'तू जा' म्हणत. आणि दर वेळी नशमी राहत असे.

गुंडाळीवर नाक्यांची चित्रं होती, चौकोनी तोंडांच्या पहारेकऱ्यांची. एव्हाना ते आपल्याला चेहऱ्यानं ओळखत असणार, असं नशमीला वाटे. काय रे, परत आलास? आज कुणाच्या नावानं?

"आता तोंड बंद. पोशाख उतरेपर्यंत तू निसान. अनहरचा मुलगा निसान."

अनहर बोरूच्या कुंपणाबाहेर बसली होती. रडायचं नव्हतं, आईच्या आसवांची नदी होते आणि ती लेकराच्या वाटेत आडवी येते. म्हणून ती डोळे ताणून पदरानं वारा घेत होती. पाठ झाला. नशमीपुढं भाकरी, डाळिंब आणि भाजलेला मासा आला.

"काटे काढून खा," ती बाहेरून म्हणाली. "तिकडं जाऊन विसरला असशील."

नशमीनं काटे काढले.

"किती वाळलायस रे."

नशमीनं पोट आत घेतलं.

तिनं पदर खाली ठेवला. मग म्हणाली, "फोनवर दर वेळी मी एकच लावून धरलं. परत ये, घर कोण बघणार. घराला काय धाड भरलीय? तू जा राजा. माझी काळजी करू नकोस. कुणी कितीही हाका मारू देत, मागं बघायचं नाही. ऐकतोयस ना? जा."

शेखनी घसा खाकरला. नशमीच्या हातातला घास तसाच राहिला. या 'जा'च्या शेपटीला काहीच बांधलेलं नव्हतं. गुरुवारसुद्धा नाही. तो घास त्यानं सावकाश चावून संपवला.

"झालं," शेख म्हणाले. "उतरव पोशाख."

नशमीनं पट्ट्याच्या गाठीकडं पाहिलं, पण तिला हात लावला नाही. तो उठला, शेखना वाकून नमस्कार केला आणि बोरूच्या फाटकातून बाहेर पडून चढणीला लागला, भरलेली बॅग ठेवली होती त्या घराच्या दिशेनं. पांढरी टोकं धुळीत लोळत होती.

"अरे नशमी! पोशाख!"

तो चालत राहिला.

"नशमी! गुरुवारचं काय?"

चाल किंचित मंदावली. शेखनी पुन्हा तोंडाशी हात नेले, तेवढ्यात अनहरनं त्यांची बाही धरली.

"नका हो ओरडू, शेख," ती म्हणाली. "आत्ता कुठं पोरगा निघालाय."