ब्रेकचा नट

देवाला हात जोडणं सोडून लिफ्टच्या मिस्त्रीला महिना झाला होता. पूर्वी लिफ्ट चालू करण्याआधी तो हात जोडून क्षणभर थांबायचा, तेवढ्यात नजर सगळ्यावरून फिरायची. आज जेवताना त्याच्या काळजाचं पाणी झालं: सकाळी दुरुस्त केलेल्या दवाखान्याच्या लिफ्टच्या ब्रेकचा नट आवळायचा राहिला होता.

कबूल केलं तर नोकरी जाणार. गप्प बसलं तर? या विचारानेच तो जास्त घाबरला.

“देव सोडलात ना? मग आता भीती कोणाची?” त्याचा चेहरा पाहून बायकोने टोमणा मारला.

“अगं, लिफ्टमध्ये माणसं आहेत!” त्याने दवाखान्यात फोन लावला. “लिफ्ट बंद करा! चूक माझी आहे.”

“लिफ्टमधून एक आजी खाली येतायत,” पहारेकरी म्हणाला.

हाक मारायला त्याच्यासाठी वर देवही उरला नव्हता. फोनमधून लिफ्टचं दार उघडल्याचा आणि आजींच्या बोलण्याचा आवाज आला, तेव्हा मिस्त्री ढसाढसा रडला.