सतरंजी उचलायला कोण येईल

मी सतरंजी बोलतेय. निळ्या-तांबड्या पट्ट्यांची, दर्यापूरजवळच्या एका खेड्यात, इंदूबाईंच्या ओसरीत अंथरलेली. थकले हो आता. जन्मभर रडणारी माणसंच अंगावर बसवून घेतली.

तशी माझी सुरुवात आनंदात झाली होती. इंदूबाईंचे मालक बुधाजी एसटीत ड्रायव्हर. लेकीच्या, दीक्षाच्या लग्नासाठी त्यांनी मला अकोल्याच्या बाजारातून आणलं. पण मांडव उतरला आणि त्याच आठवड्यात शेजारी एक म्हातारी वारली. बुधाजींनी मला खांद्यावर टाकलं आणि त्या घरी नेऊन अंथरलं. लग्नाची सतरंजी मयतीच्या घरी काहून नेता, म्हणून इंदूबाई चिडल्या. बुधाजी म्हणाले, "बसाले जागा नसली तं माणूस उभ्या उभ्या येते अन् उभ्या उभ्या जाते."

झालं, माझं नशीब तिथंच ठरलं. बौद्धवाडा असो की पाटीलपुरा, कोणी गेलं की न बोलावता मी तिथं हजर. एक रिवाज मात्र बुधाजींनी पाडला. ज्याच्या घरी दुःख, त्यानं मला उचलायचं नाही. दिवस सरले की ते स्वतः न्यायला येत, अंगणात झटकत, गुंडाळत आणि घरच्या बाईला एवढंच म्हणत, "आता चुलीकडे पाहा, माय."

माणसांची एक खोड मला कधी कळली नाही. भेटायला येतात आणि घरच्यांनाच पुन्हा पुन्हा रडवतात. कसं झालं, कोणता डॉक्टर होता, नागपूरला का नाही नेलं. बुधाजींचे दोस्त नत्थुजी यात सगळ्यांच्या पुढं. त्यांची टकळी सुरू झाली की बुधाजी हळूच त्यांचा गुडघा दाबत. स्वतः कोपऱ्यावर मुकाट बसून राहत.

मग नत्थुजींचीच बायको, लीलाबाई, गेली. बोलघेवड्या माणसाची वाचा बसली. बुधाजी रोज माझ्यावर त्यांच्या शेजारी येऊन बसत. संत्रं सोलून एकेक फोड त्यांच्या हातावर ठेवत. बाकी एक शब्द नाही.

या हिवाळ्यात, तुरी भरल्या असताना, बुधाजी सकाळी छातीला हात लावून बसले ते उठलेच नाहीत. मी त्यांच्याच घरी अंथरली गेले. वंदना झाली, पुण्यानुमोदन झालं, मेणबत्तीचं मेण माझ्या पट्ट्यांवर सांडलं. मुलगा धम्मदीप पुण्याला निघताना मला गुंडाळायला वाकला, तर इंदूबाईंनी त्याचा हात धरला. "घरच्यानं नाही उचलाची बाबू. तुह्या बाबानं कोणाले उचलू देली नाही."

धम्मदीप गेला. मी तशीच पडून. गाववाल्यांचंही खरंच होतं, सतरंजी तर स्वतःच्याच घरी आहे, न्यायची कुठं? कोणाच्या ध्यानातच आलं नाही. इंदूबाई दिवसभर माझ्यावर बसून असायच्या. चूल थंड. शेजारची भावना ताट आणून द्यायची, ते अर्धंअधिक परत जायचं. बाई सुकत चालली होती आणि मला स्वतःहून उठता येत नव्हतं.

आणि नत्थुजी? मातीला आले होते, पण घरी बसायला एकदाही नाही. घरासमोरच्या कडुनिंबापर्यंत यायचे, खोकायचे आणि मागे फिरायचे. इंदूबाईंना तो खोकला ऐकू यायचा. खरं सांगते, मला फार राग आला होता त्यांचा.

आज दुपारी ते आले. चप्पल काढली आणि बुधाजींच्या कोपऱ्यावर बसले. कसं झालं, काय झालं, काही विचारलं नाही. शेवटी इंदूबाईच म्हणाल्या, "भाऊ, इतके दिवस काहून नाही आले?"

"काय बोलावं ते समजत नव्हतं वहिनी. आज आठवलं, तो तं काहीच बोले नाही."

त्यांनी खिशातून संत्रं काढलं, सोललं आणि फोडी इंदूबाईंच्या हातावर ठेवल्या. बाई खात गेल्या आणि रडत गेल्या. मी दोन्ही झेललं, रस आणि पाणी. मग नत्थुजी गुडघ्यावर हात टेकून उठले. मला अंगणात नेऊन झटकलं, वेडंवाकडं गुंडाळलं. बुधाजींचा हात नव्हता तो, पण चालेल.

"आता चुलीकडे पाहा, वहिनी," ते म्हणाले आणि मला खांद्यावर टाकून निघाले.

आता मी नत्थुजींकडे राहीन. जीर्ण झालेय, मधे विरलेय. तरी तुमच्या ओळखीत कोणाच्या घरी दुःख असेल तर जा, बसा. बोलता नाही आलं तरी चालतं. आणि दिवस सरल्यावर एकदा पुन्हा जा, एवढं ऐका माझं.

कडुनिंबापाशी पोचलो तोच मागून इंदूबाईंची हाक आली, "भाऊ, चहा ठेवला आहे, घेऊन जा."

नत्थुजी परत फिरले. मी तर गुंडाळलेली. मग ते मला मांडीवर घेऊन उघड्या फरशीवरच बसले.