उपासाची कढई

“ताई, कुटाचा एक कन बी नको. कुटाचा हात लागला तरी साबनानं धुवा.”

ऊसतोडीच्या ट्रकमध्ये चढता चढता पंकजानं मला एवढंच बजावलं होतं. तिची राजेश्वरी तिसरीत, चुलत्याकडे राहिलेली. शेंगदाणा पोटात गेला की पोरीचा घसा सुजतो, श्वास कोंडतो. आणि आमच्या पाथर्डीकडे कुटावाचून कालवण होतं कुठे? शाळेतला आहार मी आणि छबूबाई शिजवतो. त्यामुळे राजेश्वरी दोन वर्षं घरची भाकरी घेऊन भिंतीकडेला एकटी बसायची.

आज ती पंगतीत बसणार होती.

मुख्याध्यापक कल्याण सरांनी शाळेत कूट कायमचं बंद केलं आणि डॉक्टरांचा कागद स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवला. खोबरं तिला चालतं, असं त्यात लिहिलेलं. छबूबाई दोन दिवस कुरकुरली, की कुटाशिवाय आमटी म्हणजे आजाऱ्याचं जेवण. पण आज खोबरं किसायला तीच आधी बसली. शाळेचं मोठं पातेलं परवापर्यंत कुटाचं, म्हणून आमटीसाठी सरांनी नवं पातेलं आणलं आणि राजेश्वरीचा भात सध्या वेगळ्या भांड्यात करायचं ठरलं. भांडं मी आणणार होते.

सकाळी तुळशीला पाणी घालून, जपाची माळ पुरी करून निघाले तेव्हा माझे पाय जमिनीला लागत नव्हते. काखेत माझी लोखंडी कढई. तिला कधी कांदा-लसूण लागला नाही, कुणाचा उष्टा हात लागला नाही. ती फक्त उपासाची. त्याहून स्वच्छ भांडं मला ठाऊकच नव्हतं.

भात छान मोकळा झाला. राजेश्वरी तोवर तीनदा दारात येऊन गेली, दोन्ही वेण्यांना नव्या रिबिनी.

“मावशी, मी अश्विनीशेजारी बसू? का सगळ्यात पुढं?”

“कुठंही बस बाळा. आज तू पंगतीतच जेवणार.”

ती पळाली. छबूबाईनं झाकण उचललं आणि हसली. “पोर लई भाग्याची. देवाधर्माच्या कढईतला भात. काल एकादशीची खिचडी हिच्यातच केल्ती ना तुमी?”

माझ्या हातातला डाव तिथंच थांबला.

साबुदाण्याच्या खिचडीत ओंजळभर कूट. वीस वर्षं, दर एकादशीला. गंज चढू नये म्हणून ती कढई मी साबणानं घासतही नाही, नुसती पुसून ठेवते.

भात झाकून बाजूला ठेवला, वर कुणी हात लावू नये म्हणून पाट ठेवला. सरांना जाऊन हळूच सगळं सांगितलं. ते म्हणाले, देवानंच वाचवलं, आज तिनं भाकरी खावी, उद्या बघू.

मी व्हरांड्यात पाहिलं. घंटेला अजून वेळ होता, तरी राजेश्वरी ताट मांडून बसली होती. सगळ्यात पुढं.

“मी तिला आज पंगतीत म्हटलंय, सर. घंटा थोडी उशिरा द्याल का?”

सरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि मान डोलावली. छबूबाई साबणानं हात धुऊ लागली, कोपरापर्यंत. मग तिनं पुन्हा तांदूळ निवडायला घेतले.

माझ्या देव्हाऱ्याशेजारी कल्हईचं एक छोटं पितळी पातेलं आहे. त्यात दूध आणि तांदूळ सोडून काही शिजलं नाही. नैवेद्याखेरीज ते चुलीवर चढवायचं नाही, हा माझा नेम. देवाला मनातल्या मनात विचारलं. मग पदर खोचला आणि राजेश्वरीला दिसू नये म्हणून मागच्या दारानं घराकडे निघाले.