थोरलीचा ताप

मित्रांनो, तुमच्या घरी ताप बघायला बटणाचं यंत्र असेल. तोंडात धरलं की थोड्या वेळाने ते टीक टीक करतं आणि आकडा दाखवतं. ते यायच्या आधी घरोघरी आम्ही होतो. बोटाएवढ्या काचेच्या नळ्या, टोकाला पाऱ्याचा चमकता थेंब आणि अंगभर काळ्या रेघा. त्यांतलाच मी एक जुना थर्मामीटर. माझ्या रेघा आता पुसट झाल्या आहेत. मला वाचायचं तर खिडकीशी जाऊन, मान तिरकी करून वाचावं लागतं. पारा मात्र अजून चुकत नाही.

माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. भट्टीसमोर घामाने निथळणाऱ्या एका कारागिराने तापलेली काच ओढून माझी नळी केली. शेजारच्या खोलीत हातमोजे घातलेल्या बायका बसत. त्यांतल्या एकीने माझ्यात पारा भरला. मग मला कधी कोमट, कधी गरम पाण्यात बुडवून माझ्या अंगावर रेघा आखल्या गेल्या. जे तापलेलं नाही त्याला तापलंय म्हणायचं नाही आणि जे तापलंय ते लपवायचं नाही, एवढंच शिक्षण मला मिळालं.

औषधाच्या दुकानातून मला एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाने विकत घेतलं. दिवसभर तो मोठमोठ्या इमारतींच्या बंद पडलेल्या लिफ्ट चालू करून द्यायचा आणि संध्याकाळी धापा टाकत स्वतःच्या घरचे जिने चढायचा, कारण त्याच्या इमारतीला लिफ्टच नव्हती. कोणी हसलं तर म्हणायचा, "असती तर तीही मलाच फुकटात दुरुस्त करावी लागली असती. नाही तेच बरं."

घर दोन खोल्यांचं, अगदी वरच्या मजल्यावर. पुढच्या खोलीत शिवणाचं मशीन होतं. त्याची बायको त्यावर लोकांच्या घरचे पडदे शिवायची. मशीनच्या वरच्या फळीवर, कान तुटलेल्या एका कपात, कात्री आणि खडूच्या शेजारी मला जागा मिळाली. तिथून दोन्ही खोल्या दिसायच्या.

मला आणलं होतं ते त्यांच्या धाकट्या मुलासाठी. त्याची छाती जन्मापासून नाजूक. जरा गार वारा लागला की शिंका सुरू, शिंकांमागून ताप, तापामागून दम. श्वास घेताना त्याच्या छातीत बारीक शिट्टी वाजायची. "पिल्लू, तोंड मीट. जीभ हलवू नकोस," म्हणत आई मला त्याच्या जिभेखाली ठेवायची. मी वर चढलो की तिचा चेहरा उतरायचा. मी खाली आलो की ती तेवढ्यापुरती हसायची. त्या घरात माझा मान मोठा होता. कुठे बाहेर जायचं झालं तरी मला रुमालात गुंडाळून आईच्या पिशवीत घेतलं जायचं, कारण धाकट्याला कधी काय होईल याचा नेम नसे.

आणि थोरली? थोरली त्याची बहीण. त्याच्याहून बरीच मोठी, सडपातळ आणि काटक. मित्रांनो, ती आधी खरोखरच आजारी पडत नसे. ताटात पडेल ते खायची. दिवसभर गच्चीवर नाहीतर रस्त्यावर हुंदडायची. अंथरुणाला पाठ टेकली की घोरायला लागायची. शेजारच्या काकू विचारायच्या, "हिला काय खायला घालता हो? आमच्याकडे एक उठला की दुसरा पडतो."

"काही नाही हो," आई म्हणायची. "एकाचंच करता करता माझे हात भरून येतात. हिला ते कळतं बहुतेक."

बाबा तिला लाडाने 'पोलाद' म्हणायचे. "आमच्या पोलादाला गंज धरत नाही," असं ते आल्यागेल्याला सांगायचे. वर्षभर एकदाही शाळा न चुकवल्याबद्दल तिला पितळी कप मिळाला, तेव्हा त्यांनी तो घेऊन खालपर्यंत सगळ्या मजल्यांवर दाखवून आणला होता.

मग एक दिवस थोरली शाळेतून आली ती गळ्याला हात लावून. धाकट्याला इस्पितळातून घरी आणून थोडेच दिवस झाले होते. कितीतरी दिवस आईच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता आणि मशीनशेजारी शिवायच्या पडद्यांचा ढीग साचला होता.

"आई, घसा दुखतोय," थोरली म्हणाली. "अंगात कणकण वाटतेय."

आई सुईत दोरा ओवत होती. दोरा काही केल्या जात नव्हता. तिने मान वर केली नाही.

"आता तू नको गं सुरू होऊस," ती म्हणाली. रागाने नाही, थकलेलं माणूस स्वतःशी पुटपुटतं तसं. "मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर. होईल बरं."

"बरं," म्हणून थोरलीने गुळण्या केल्या. आईच्या हातातली सुई घेऊन तिला दोरा ओवून दिला. मग आत जाऊन धाकट्याचं पांघरूण सारखं केलं.

त्या दिवसानंतर थोरली कधी आजारी पडली नाही. निदान घरात सगळ्यांचा तसा समज झाला.

मी फळीवरून बघत होतो. तिचा घसा पुन्हा पुन्हा धरायचा. जेवताना घास गिळायला त्रास झाला की ती पाण्याचा घोट घेऊन तो खाली ढकलायची आणि कोणी बघत नाही ना, याचा अंदाज घ्यायची. आईला ते दिसायचं नाही, कारण आईचं लक्ष शेजारच्या ताटाकडे असायचं. धाकट्याने किती खाल्लं, यावर त्या घराचा दिवस बरा की वाईट हे ठरायचं.

एका दुपारी आई शिवलेले पडदे पोचवायला बाहेर गेली होती. धाकटा आत झोपला होता. थोरलीने स्टूल ओढलं, कपातून मला काढलं आणि तोंडात धरलं. त्या घरात इतकी वर्षं राहून मी तिच्या जिभेखाली पहिल्यांदाच जात होतो. मी चढत गेलो. धाकट्याच्या वाईटातल्या वाईट दुखण्यातही चढलो नव्हतो इतका चढलो. खिडकीशी उभं राहून तिने मला वाचलं आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. तिचा हात इतका गरम होता की त्या हातातही पारा थरथरल्यासारखा मला वाटला. आता आई आली की ही मला पुढे करील, असं मी धरून चाललो होतो.

एवढ्यात आतून धाकट्याचा आवाज आला. "ताई, काय करतेस?"

"काही नाही रे. फळी पुसतेय."

तिने मनगटाला झटका देऊन पारा उतरवला, मला धुतलं, कोरडं केलं आणि जिथल्या तिथे ठेवून दिलं. आई परत आली तेव्हा ती धाकट्याला पाणी पाजत होती.

"चेहरा का गं असा लाल?" आईने विचारलं.

"जिने धावत चढले."

आईला ते पटलं. पटवून घेणं सोपं होतं. चप्पल काढता काढता ती म्हणाली, "एवढं पळू नये. पण तुला काय सांगायचं, तुझ्या अंगात रग आहे."

पुढे थोरलीचे गुडघे सुजले. ते उतरतात न उतरतात तोच मनगट धरलं. बाबांनी मनगट हातात घेऊन बघितलं आणि म्हणाले, "वाढीचं वय आहे. हाडं ताणतात. मलाही व्हायचं." थोरली हसली. दुसऱ्या हाताने तिने कापडाचा तागा उचलला आणि मशीनशी नेऊन ठेवला. काही आठवड्यांनी दुखणं आपोआप गेलं. ताप गेला, सूज गेली. या सगळ्यात तिने एकही दिवस शाळा चुकवली नाही आणि त्या वर्षीही तिला हजेरीचं बक्षीस मिळालं.

मित्रांनो, गेल्यासारखं वाटणारं प्रत्येक दुखणं गेलेलं असतंच असं नाही.

थोरलीने हळूहळू पळणं सोडलं. कोणी ते फारसं मनावर घेतलं नाही. मुलगी मोठी होतेय, शांत होतेय, असं आई काकूंना सांगायची. पण जिन्यावरची तिची पावलं मला ऐकू यायची. आधी ती एका दमात वर यायची. मग एकेका वळणावर थांबू लागली. शेवटी एका सकाळी ती वर आलीच नाही. काकूच धावत आल्या. "अहो, तुमची मुलगी खाली पायरीवर बसलीय. मांडीवर कापडाचा तागा आहे. ओठ निळे पडलेत. बोलायला लागली की श्वास पुरत नाहीये तिला."

आईने पिशवी उचलली. त्यात रुमालात गुंडाळलेला मी होतोच, नेहमीसारखा, धाकट्यासाठी.

मोठ्या इस्पितळात एक वयस्क डॉक्टर होते. थोरली खाटेवर टेकून बसली होती. आईने सवयीने मला काढून तिच्या तोंडात दिलं आणि वाचून म्हणाली, "ताप नाहीये हिला. काहीच नाहीये. मग असं कशाने झालं?"

डॉक्टरांनी तपासायची नळी कानाला लावून तिची छाती ऐकली. पाठही तपासली. मग म्हणाले, "पूर्वी कधी घसा दुखून हिला ताप आला होता? सांधे सुजले होते?"

"नाही हो," आई म्हणाली. "ही कधी आजारीच पडत नाही."

"आला होता," थोरली म्हणाली.

आई वळली. "कधी?"

थोरलीने चादरीचा कोपरा बोटाला गुंडाळला. "बरेचदा."

 मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं. घशाचं साधं दुखणं औषधाविना राहिलं की काही मुलांच्या सांध्यांत उतरतं आणि तिथून हृदयाच्या झडपांना धरतं. थोरलीची एक झडप पार आवळून गेली होती. "तेव्हा थोड्या दिवसांच्या गोळ्यांनी भागलं असतं," ते म्हणाले.

तोवर बाबा कामावरून तसेच आले होते. हाताला यंत्राचं काळं वंगण होतं. ते पुन्हा पुन्हा एकच बोलत राहिले, "पण आमची मुलगी ठणठणीत होती, डॉक्टर. तिला साधं पडसं व्हायचं नाही."

"असते एखाद्याची प्रकृती तशी," डॉक्टर म्हणाले. "नीट झोपणारं, खेळणारं, पोटभर जेवणारं मूल सहसा आजारी पडत नाही. काही मुलं मात्र आजारी पडतात आणि कळू देत नाहीत. बाहेरून दोन्ही तऱ्हेची मुलं सारखीच दिसतात."

डॉक्टर गेल्यावर आई खाटेच्या कडेला बसली. "मला का नाही सांगितलंस?"

थोरलीने चादरीचा कोपरा बोटावरून सोडवला. "तू दमलेली असायचीस."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती असती तर आईला रडता तरी आलं असतं. आई तशीच बसून राहिली, मला मुठीत धरून, आणि तिच्या हाताच्या उबेने माझा झटकून उतरवलेला पारा उगाच वर सरकत राहिला.

त्याला आता बरीच वर्षं झाली. धाकट्याची छाती वाढत्या वयाबरोबर मोकळी झाली. आता तो उंचापुरा तरुण आहे, मैदानावर खेळतो, आणि त्याला क्वचितच काही होतं. लोक आईला विचारतात, "याला काय खायला घालता हो?" आई मान खाली घालून मशीन चालवायला लागते. थोरलीवर एक शस्त्रक्रिया झाली. दुसरीही लागेल म्हणतात. दर महिन्याला तिला इंजेक्शन घ्यावं लागतं. बाबांनी वरचं घर सोडून तळमजल्यावर खोल्या घेतल्या. तिचं शिक्षण मध्येच राहिलं. ती खिडकीशी बसून पडद्यांना काठ लावते आणि थकली की सुई तशीच कापडात टोचून डोळे मिटते. कोणी विचारलं की म्हणते, "बरी आहे." आता त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही, पण तिला दुसरं काही म्हणताच येत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात, तुमच्या वर्गात असं एखादं मूल असेल, कधीच आजारी न पडणारं, सगळ्यांच्या उपयोगी येणारं. त्याचं कौतुक जरूर करा. पण मधूनमधून त्याच्या कपाळावर हात ठेवून बघा. आणि ते मूल तुम्हीच असाल, तर आई कितीही दमलेली असू द्या, तिला हाक मारा. तिने पहिल्यांदा ऐकलं नाही तर दुसऱ्यांदा मारा.

धाकट्याने परवा बटणाचं नवं यंत्र आणलं. आईने ते खोक्यातच ठेवलं आहे. रोज दिवेलागणीला ती मलाच काढते आणि थोरलीसमोर येऊन उभी राहते. थोरली निमूट तोंड उघडते. मी नेहमीच्या रेघेशी थांबतो. मला फक्त ताप कळतो, आणि ताप तर केव्हाच येऊन गेला. आई मला खिडकीशी नेते, मान तिरकी करून वाचते.

"ताप नाही," ती म्हणते.

"नाही ना," थोरली म्हणते आणि पुन्हा शिवायला लागते. आई तिथेच उभी राहून मला पदराने पुसत राहते, पुसून झाल्यावरही.