ऑक्टोबरचं ट्रेनिंग

सावळगडले जायचं मीच काढलं, हे आधीच सांगून ठेवते. उद्या कोनी म्हनाले नको, की भावना नवऱ्यावर पाळत ठेवाले गेलती. मले काईच मालूम नोतं. मालूम असतं तर गेलीच नसती. हे म्हनत होते तशी गुमान पचमढीले गेली असती.

हे म्हनजे धम्मदीप, माझा नवरा. वर्ध्याच्या एका सरकारी ऑफिसात हेडक्लार्क. आमचं घर नालवाडीले. पोरगी एकच, नंदिनी, नागपूरले कॉलेजात शिकते. दसऱ्याले दीक्षाभूमीवर जाऊन आलो, तिले चार दिवस सुट्ट्या होत्या, अन् तिनं मोबाईलवर मले एक व्हिडिओ दाखवला. डोंगर, धुकं, सागाची झाडं, टोपल्यात सीताफळं. म्हने, "आई, हे आपल्याच जिल्ह्यात हाय. कारंज्याच्या वर."

"बाप्पा! वर्धा जिल्ह्यात हिल स्टेशन? अन् आपन अजून पाह्यलं नाई?"

यायचं, म्हनजे नवऱ्याचं, तोंड पाहाले पाह्यजे होतं. पोहे खाऊन राह्यले होते, चमचा तसाच हातात. "तिथं काई नाई. नुसते डोंगर हाय. पचमढीले जाऊ."

"तुमाले कसं मालूम काई नाई म्हनून?"

"लोकं सांगते."

"लोकायचं जाऊ द्या. सावळगडले जायचं म्हनजे जायचं."

"पुढच्या हप्त्यात माझं ट्रेनिंग हाय."

दरवर्षी ऑक्टोबर आला का यायचं नागपूरले तीन दिवस ऑफिसचं ट्रेनिंग असते. पाच वर्षं झाले. येताना हे सीताफळं आनते. मोठमोठे, गोड. मी सगळ्या गल्लीत सांगत फिरते, नागपूरच्या बजाराची मजाच और हाय.

"थे पुढच्या हप्त्यात ना? आपन या हप्त्यात जाऊ," मी म्हटलं, अन् विषय संपला. आमच्या घरात शेवटचा शब्द माझा असते. पयलाही माझाच असते.

रस्ताभर हे अवघडून गाडी चालवत होते. घाट लागला तसा मी सांगत होती, हॉर्न वाजवा, गिअर बदला, डाव्या अंगानं घ्या. मले गाडी येत नाई, पन डोळे तर हाय. सावळगड आलं तवा दहा वाजले होते. चांगली थंडी होती. एकच रस्ता, दोन्हीकडं दुकानं, मधात एस.टी.चा थांबा, मांगं डोंगर. गौळ्यायच्या भट्ट्यांवर खवा आटून राह्यला होता. मले आवडलं गाव, खोटं काऊन बोलू. अर्धा घंटा आवडलं.

लॉजसमोर गाडी थांबली तसा एक मानूस आतून पळत आला. टक्कल, स्वेटर, तोंडभर हासू. श्रावण त्याचं नाव, मालक तोच अन् वेटरही तोच. त्यानं दोन्ही हात जोडले.

"जय भीम, सर! या, या!"

मी गाडीकडं पाह्यलं. काचेवर काई लिहून नाई, गळ्यात आमच्या काई नाई. या मानसाले कसं मालूम का जय भीम घालाले पाह्यजे? अन् सर? यायले आमच्या गल्लीत कोनी सर म्हनत नाई. मी यायच्याकडं पाह्यलं तर हे डिक्कीत डोकं घालून बॅग शोधून राह्यले होते. बॅग समोरच होती.

मंग कुत्रं आलं. पिवळं, एक कान तुटका. थेट यायच्या पायावर लोळलं.

मंग चहाची टपरी. आनंदाबाई नावाची म्हातारी, पदर खोचून बसलेली. आमी बाकड्यावर टेकलो नाई तं तिनं यायच्या हातात ग्लास देल्ला. बिनसाखरेचा, अद्रक जास्त. विचारलं नाई, काई नाई. अन् माझ्याकडं पाहून म्हने, "ह्याच का मॅडम? गेल्या साली म्हनत होते ना तुमी सर, एखाद्या वर्षी आनतो म्हनून. आनलं बाप्पा शेवटी!"



"गेल्या साली?" मी म्हटलं.

"गेल्या साली, त्याच्या आधल्या साली. पाच वर्षं झाले असन ना, सर?"

सर ग्लासात पाहात होते.

मी तिथंच, भर रस्त्यावर सुरू झाली. ट्रेनिंग का हे तुमचं? कोन शिकवते इथं? कोनत्या बाईची शाळा हाय? नंदिनी म्हने, "आई, हळू, लोकं पाहून राह्यले." पाहू दे ना! मी काऊन हळू बोलू? चोरी मी केली का? हे उठले अन् डोंगराच्या पायवाटेनं चालाले लागले. कुत्रं त्यायच्या मांगं. नंदिनीही त्यायच्याच मांगं गेली. पोटची पोरगी!

मी नाई गेली. मी म्हटलं, आता हे गावच झाडून काढते. बाई या गावात हाय, तर गावाले मालूम असनच. झिंज्या धरून तिले रस्त्यावर आनते.

अन् तुमाले सांगते, त्या गावानं माझी काय दशा केली! ज्याच्या दारात गेली थो म्हने, "सरायच्या मॅडम का? बसा, बसा." खवेवाल्यानं द्रोनात गरम खवा देल्ला. टेलरनं खुर्ची पुसून देल्ली. थांब्यावरचा एस.टी.चा मानूस उठून उभा राह्यला. मी भांडाले गेलती अन् लोकं माझ्या हातात खाले देत होते. तोंडात घास असला का भांडता येते का? मले त्या लोकायचा असा राग आला! एकानं तरी तिरसट बोलावं ना. एकानं तरी म्हनावं, तुमचं काय काम हाय इथं.

"सर कोनाच्या इथं येते?" मी टेलरले सरळ विचारलं.

"सगळ्यायच्याच इथं येते," थो म्हने. "सर आले का तीन दिवस आमी टीव्ही लावत नाई. काय बोलते हो मानूस! साहेबाची नक्कल करते, पोट दुखते हासू हासू."

"कोन नक्कल करते?"

"सर."

माझा नवरा! भाजीत मीठ नसलं तरी ज्याच्या तोंडातून आवाज निघत नाई, आला-गेला विचारते भाऊजी मुके हाय का, थो नकला करते!

"अन् थो रोहण्याचा बैल!" खवेवाला तिकडून ओरडला. "मॅडम, तुमाले तर पाठ असन थे गोष्ट. आमी दरवर्षी सांगाले लावतो. पुराच्या पान्यात बैल अन् त्यायचा बाप, लहानूबाबा. मी तर रडलो बाप्पा, खरं सांगतो."

लहानूबाबा म्हनजे माझे सासरे. यायच्या गावी, रोहण्याले राहत, माझ्या लग्नाच्या आधीच गेले. त्यायचा फोटो आमच्या घरात बुद्ध अन् बाबासाहेबाच्या खालच्या भिंतीवर हाय, मी रोज पुसते. बैलाचं मले काईच मालूम नोतं. पुराचंही नाई. बावीस वर्षं झाले लग्नाले.

"हो," मी म्हटलं. "पाठ हाय."

कसं म्हनू, का मले नाई सांगतलं? खवेवाल्याले मालूम, टेलरले मालूम, मले नाई.

मंग मी लॉजवर आली. श्रावणले म्हटलं, सरायची खोली दाखवा, दरवर्षीची. त्यानं कोपऱ्यातली खोली उघडली. एकाचीच खाट. एक खुर्ची, खिडकीपाशी. मी खाटेखाली वाकून पाह्यलं, अलमारी उघडली, गादी उचलली. एक पिन नाई, केस नाई, टिकली नाई.

"कोन येते संगं?"

श्रावणचं हासू तवा पयल्यांदा गेलं. "एकटेच येते, मॅडम. कसम सांगतो. सकाळी चहा, मंग गावात गप्पा, संध्याकाळी त्या खुर्चीवर बसून राहते. जायच्या दिवशी आनंदाबाईकडून सीताफळं निवडते. एकेक हातात घेऊन पाहते. म्हनते, घरी आवडते."

मी त्या खाटेवर बसली. तुमाले वाटत असन मले बरं वाटलं. काई बरं वाटलं नाई! बाई असती तर तिच्याशी लढली असती. रंगानं, वयानं, कशानं तरी माझ्याहून बरी म्हनून मनाची समजूत काढली असती. आता कोनाच्या झिंज्या धरू? एका खुर्चीच्या?

रात्री दोघं डोंगरावरून आले, तिघं मोठ्या खोलीत झोपलो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठली तर हे खोलीत नोते. मी टपरीकडं निघाली. वळनावरच हासू ऐकू आलं. मोकळं, पोटातून आलेलं, मधात खोकला येईस्तोवरचं. मले वाटलं कोन हासून राह्यलं एवढं? पुढं गेली तर हेच. बाकड्यावर मांडी घालून, हात हवेत, आजूबाजूले सात-आठ लोकं, अन् आमची नंदिनी डोळे पुसत होती, हासून का रडून देव जाने.

यायनं मले पाह्यलं. हासू तिथंच तुटलं. हात खाली आले, पाय खाली आले, अन् हे उठून उभे राह्यले. ऑफिसात मोठे साहेब आले का उभे राहते, तसे. मले पाहून! बायकोले पाहून!

लोकं हळूहळू पांगले. नंदिनी आनंदाबाईजवळ जाऊन बसली. मी यायच्या समोर उभी.

"मंग? काऊन येत होते इथं?"

मले वाटलं नेहमीसारखं काईच बोलनार नाई.

"बोलाले," हे म्हने.

"घरी काय तोंड शिवलं होतं तुमचं?"

"घरी जागा नाई राहत, भावना." रागानं नाई म्हटलं. रागानं म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं. "मी तोंड उघडतो, तवर तुह्यं वाक्य सुरू झालेलं असते. पयले पयले मी थांबत होतो. मंग सवय झाली."

"म्हनून खोटं बोलून पळाले?"

"पळालो नाई. दरवर्षी चौथ्या दिवशी घरीच आलो ना."

माझ्या तोंडावर शंभर उत्तरं आले. घर कोन चालवते, तुमच्या आईचं दुखनं कोनं काढलं, पोरीच्या ॲडमिशनले कोन नाचलं. सगळे खरे होते. पन हे अजून उभेच होते, हातातला ग्लास थंडगार, माझं बोलनं सुरू व्हायची वाट पाहात. मले भडभडून आलं. मी खोलीत जाऊन बॅगा भरल्या. मनात एकच गोष्ट धरली, घरी जाईस्तोवर तोंडातून शब्द काढायचा नाई. पाहू, हा मानूस माझ्याजवळ बोलते का. एवढंच पाहाचं होतं मले. घर माझ्या संगं हाय का माझ्यामुळं सुटून राह्यलं, हे मले समजाले पाह्यजे होतं.

निघताना अर्धं गाव गाडीपाशी. आनंदाबाईनं माझ्या मांडीवर सीताफळायची टोपली ठेवली अन् म्हने, "येजो वं माय पुढच्या साली." मी तिच्याकडं पाह्यलं नाई.

घाट उतरलो. हॉर्न वाजवला नाई यायनं, मी गप. कारंजा गेलं, मी गप. ढाब्यावर चहा घ्याचा का म्हनून नंदिनीनं विचारलं, मी नाई म्हनून मान हालवली. पदराचं टोक बोटाले गुंडाळून गुंडाळून बोट लाल झालं. आमच्या गाडीत एवढी शांतता कधी झाली नोती. मांगं नंदिनीनं कानातले इयरफोन काढून ठेवले, एवढी शांतता.

वर्धा दहा-बारा किलोमीटर राह्यलं असन. दोन्हीकडं कपाशी फुटलेली, ऊन तिरपं. हे एकदम म्हने,

"रोहण्याले आमच्या घरी एक बैल होता."

मी बोटावरचा पदर सोडला.

"पांढरा. बाबाले पोरापरीस प्यारा. मी सातवीत होतो. त्या साली नदी अशी आली, का..." यायचा आवाज बदलला. कालपासून गावभर ज्या आवाजाचं ऐकून राह्यली होती, थोच आवाज. थोडा जाड, थोडा हासरा. एक हात स्टेरिंगवरून उचलला अन् नदी केवढी होती थे दाखवाले लागले. माझ्याकडं पाहून दाखवत होते. बावीस वर्षात पयल्यांदा, माझ्याकडं पाहून.

"बाबा म्हने, दोर सोड. मी म्हटलं..."

"समोर पाहा ना!" मी ओरडली. "ट्रक येऊन राह्यला, दिसत नाई का!"

ट्रक लई दूर होता. त्याच्या बाजूनं होता.

यायनं हात परत स्टेरिंगवर ठेवला. समोर पाह्यलं. ट्रक गेला.

"मंग?" मी म्हटलं. "तुमी काय म्हटलं?"

"काई नाई."

"सांगा ना. बाबा म्हने दोर सोड. मंग?"

"असंच. जुनी गोष्ट हाय."

मी मांगं वळून नंदिनीकडं पाह्यलं. तिले मालूम होती गोष्ट. टपरीवर ऐकली होती तिनं सकाळी. ती खिडकीबाहेर पाहाले लागली.

नालवाडीचा फाटा आला. यायनं गाडी हळू केली, उजवीकडचा दिवा लावला, मी न सांगता. घरी आलो तर भिंतीवरून सासरे पाहून राह्यले होते. मी टोपली खाली ठेवली. सीताफळं उतरून राह्यले होते, आजच्या आजच खावे लागनार होते. यायनं एक उचललं, फोडलं, अर्धं माझ्या हातात देल्लं. मी बसली. तोंड घट्ट मिटून बसली, बिया तोंडातच ठेवून. आता तरी सांगा म्हनून.

यायनं आपलं अर्धं खाल्लं, हात धुतले, अन् कॅलेंडरपुढं उभे राह्यले. पुढच्या हप्त्यातल्या तीन तारखांवर पेनानं गोल केलेला होता, यायनंच केलेला, ट्रेनिंगचा. लई वेळ पाह्यलं. मंग माझ्याकडं न पाहता विचारलं,

"जाऊ?"

माझ्या तोंडात बिया होत्या. म्हनून नुसती मान डोलवली.